रंगाचे तीन हात

गोल्फचं मैदान मी पाहिलेलं नाही.
गाडी मात्र दुकानासमोर उभी आहे
पाचपावलीच्या उतारावर, चाकांना विटा लावून.
कामठीकडच्या कुठल्या लिलावातून दवाखान्यात आली,
नऊ वर्षं पेशंट वाहिले तिने
फाटकापासून शेकाच्या इमारतीपर्यंत.

स्टोअरचे वैरागडे म्हणाले,
नवे कव्हर म्हणजे साडेअठरा हजार.
माझ्याकडे साडेतीन आहेत.
त्यात रंग बसवा, फाटलेलं मिटवा,
आणि पावती पक्की पाहिजे.

साडेतीन हजारांत बसतो
एक लिटर रेक्झीनचा रंग, इतवारीतून,
स्पिरिट, चारशे नंबरचा पॉलिश पेपर,
टेप, भरणाच्या दोन ट्यूब
आणि माझ्या दोन पहाटा.
पहाटाच, कारण मे महिना आहे.
दुपारी फवारा मारला तर रंग
सीटवर पोचायच्या आधी हवेतच वाळतो,
हाताला लागते नुसती रांगोळी.

आधी धुणं.
घाई करणारे इथेच फसतात.
कोमट पाणी, भांड्यांचा साबण, दातांचा जुना ब्रश.
शिलाईतून निघाली खसखशीएवढी खडी,
कानातल्याची एक फिरकी,
तर्रीतला चणा, वाळून दगड झालेला,
आणि केस.
पुष्कळ केस.
मी पाणी बदललं.
परत बदललं.

पुढची सीट ड्रायव्हरच्या बाजूने खचलेली.
मागची, उलट्या तोंडाची,
जिच्यावर बसलं की सोडलेलं फाटक दिसत राहतं,
ती मधे अजून शाबूत.
फाटलीय फक्त कडेला,
चार बोटांच्या रुंदीएवढी, दोन्हीकडे.
गाडीचा वेग माणसाच्या चालीपेक्षा थोडा जास्त.
इतक्या हळू गाडीत
इतकं घट्ट धरायचं कारण
रस्त्यात नव्हतं.

फाटल्या जागी आतून ठिगळ सरकवलं:
बाबांच्या मागावरच्या शेवटच्या लुगड्याचा तुकडा,
सुती, दाट विणीचा, चिकटपट्टीहून भरवशाचा.
बाबा हसले असते,
निनाव्यांचं लुगडं गोल्फच्या गाडीत!
वरून भरण. वाळू द्यायचं, घासायचं, पुन्हा भरण.
बोट फिरवून बघायचं.
डोळ्यांवर विसंबू नये, डोळे लवकर खूश होतात.

रंगावरून वाद झाला.
वैरागड्यांना नारिंगी पाहिजे,
"नागपूर आहे ना वो बाई हे!"
मी म्हटलं, नारिंगीला चार हात लागतात,
पैसे तीनाचे आहेत.
हे अर्धं खोटं.
मळमळणाऱ्या माणसाला
नारिंगीवर बसवायचं मला जीवावर आलं.
राखाडी घेतला, जरा निळ्याकडे झुकलेला,
कबुतराच्या पाठीसारखा.

पहिला हात इतका पातळ की जुने डाग आतून हसतात.
हसू द्यावं.
वीस मिनिटं. अर्धा चहा.
दुसरा आडवा.
उरलेला चहा.
तिसरा उभा, आणि मग हात खिशात.

आदल्या संध्याकाळी डोमाजी मेश्राम येऊन गेला होता,
गाडीचा ड्रायव्हर, दारातच उभा राहून म्हणाला,
"बाई, सारं करा, पण माह्या सीटचा फोम नोका बदलू.
खड्डा हाय थो माहा.
नव्यावर बसलो का पाय ब्रेकले पुरत नाही."
फोमला पैसे नव्हतेच.
तरी मी जरा विचार केल्यासारखं केलं.

आज न्यायला आला तो आधी मागच्या सीटवर बसला.
नऊ वर्षांत कधी बसला नव्हता, म्हणाला.
दोन्ही हात आपोआप कडेला गेले.
"चोवीस तास धरू नका!" मी ओरडले.
त्याने हात उचलले,
ठेवायला जागा सापडेना म्हणून
मांडीवर ठेवले, शाळेतल्या पोरासारखे.

पावती केली. साडेतीन, पक्की.
उरलेला रंग पाण्याच्या बाटलीत भरून दिला:
दिवाळी झाली की मारत जा,
मधे नको,
कडेला तेवढा एक हात.